समुद्राकाठची गोल वाट: आधी तिथी बघा

प्रश्न: आमचा सहा जणांचा गट दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतो. यंदा डिसेंबरात कोकणातल्या कातळकिनाऱ्याने दिवसभराची गोल वाट करायची आहे, म्हणजे गाडी जिथं लावू तिथंच संध्याकाळी परत यायचं. राजापूरकडचा आंबोळगड मनात आहे. वीस किलोमीटर जमतील का? रविवारी पहाटे कोल्हापुरातून निघालो तर चालेल? सोबत माझी बारा वर्षांची मुलगी असेल.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: जागा उत्तम निवडलीत. किल्ला लहानसा, गगनगिरी महाराजांचा आश्रम थेट समुद्रावरच्या कड्यावर, जवळच गोडिवण्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि नाटे गावाच्या बाजूला खाडीवरचा यशवंतगड. गगनबावड्याचा त्यांचा मठ पाहिलेल्या कोल्हापूरकराला आश्रमात थोडा वेळ टेकावंसं वाटणारच.

पावनखिंडीच्या चिखलातून चालणाऱ्यांच्या पायांची मला काळजी नाही. पण किनाऱ्याची वाट किलोमीटरवर आखायची नसते, ती ओहोटीवर बसवायची असते. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. कुणी खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात, जायला निघालं की मामा एवढंच विचारायचा, ‘सुकती कधी हाय?’ सुकती म्हणजे ओहोटी. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

घरातली दिनदर्शिका काढा. कोळ्यांचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन सकाळी, तुम्ही चालत असताना खडप पाण्याखाली, आणि वर उधाण. अमावास्येचंही तेच. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास, रणरणत्या उन्हात. षष्ठीला मात्र भरती पहाटे साडेचारला आणि ओहोटी साडेदहा-पावणेअकराला. हा हिशेब मुंबईकडचा आहे. दक्षिणेकडे पाणी थोडं आधी फिरतं, म्हणून राजापूरच्या बाजूला दहाच्या सुमारास ओहोटी धरा. अष्टमीला भांग असते, तेव्हा पाणी फारसं चढत नाही तसं फारसं उतरतही नाही. तेव्हा पंचमी ते सप्तमीतला दिवस धरा, शुद्ध असो वा वद्य. तो रविवारी आला तर छानच, नाहीतर एक रजा टाका. जाण्याआधी रत्नागिरी बंदराची त्या दिवसाची वेळ मोबाइलवर ताडून पाहा. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता गोल कसा करायचा ते. जाताना किनारा, येताना सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, उलटं कधीच नको. पुळणीवरून साडेआठला निघा, म्हणजे खडपाच्या कठीण टोकाशी पाणी सर्वांत खाली असताना पोहोचाल. तिथं उशीर झाला तर मुकाट मागे फिरा. कड्यावर चढून वाट काढण्याचा विचारही करू नका. सह्याद्रीतल्या काळ्या दगडावरचा आपला विश्वास इथं कामाचा नाही. वर जांभ्याचा कठीण थर असतो आणि खाली चिकणमातीसारखा मऊ. लाटा आणि झिरपणारं पाणी खालचा थर खातात आणि वरचा जांभा सज्जासारखा पुढे लोंबत राहतो. त्याच्याखाली जेवायलाही बसू नका. कुठलं टोक ओहोटीत पायी वळसा घालून पार होतं आणि सड्यावर चढायची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, नेमकी कुठं आहे, हे आदल्या संध्याकाळी गावातल्या मच्छीमारांना विचारून घ्या. नकाशावर ते कळत नाही.

म्हणून वीस किलोमीटर नको. आठ करा, फार तर दहा. ओल्या घट्ट वाळूवर पाय झरझर पडतात, पण खडपात तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. जांभा खरबरीत, भोकाभोकांचा. त्यावर हिरवं शेवाळ आलं की चांगल्या बुटाचा तळही सटकतो, आणि पडताना हात टेकला तर कालवांच्या शिंपल्या तळवा कापतात. मुलीला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि साधे जाड हातमोजे द्या. तिला जमेल, मला खात्री वाटते. खडपातल्या डबक्यांशी ती तुमच्यापेक्षा जास्त रमेल, त्यासाठी एक तास मोकळा ठेवा. कालवं काढणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांच्यावर नजर असू द्या. त्या टोपली उचलून निघाल्या की तुम्हीही निघा. पाणी फिरलेलं त्यांना आपल्याआधी कळतं.

सड्यावरची परतीची वाट दिसायला सोपी, पण अंग भाजून काढणारी. सावली नाही, आणि कातळ दुपारी खालूनही तापतो. माणशी तीन लिटर पाणी घ्या. भडंग आणि चिवडा गाडीतच राहू द्या, तहान वाढते. भाकरी, गूळ-शेंगदाणे, काकडी पुरे. डिसेंबरात गवत वाळून उंच झालेलं असतं, पायवाट त्यात हरवते. काठी हवीच. आंब्याच्या कलमांभोवती गडगे, म्हणजे नुसत्या रचलेल्या दगडांच्या भिंती असतात. त्यांवरून उड्या मारू नका, चिरे ढासळतात आणि मालकाला पुन्हा रचत बसावं लागतं. बेडं, म्हणजे गडग्यातलं फाटक, असेल तिथून विचारून जा आणि मागे लावून घ्या.

रविवारी पहाटे निघण्याचं म्हणाल तर माझं स्पष्ट ‘नाही’. अणुस्कुरा घाटाने राजापूर आणि पुढे आंबोळगड, चार तास तरी धरा. पेंगुळलेला चालक आणि हातातून निसटणारी ओहोटी, दोन्ही नकोत. शनिवारी दुपारी निघा, घाट उजेडात उतरा, मुक्काम गावातच करा. कड्याखाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. तेव्हा ज्यांच्या घरी उतराल त्यांना वाट आणि परतीची वेळ दोन्ही सांगून निघा. दुपारी तीनपर्यंत परतायचं ठरवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे पाचपर्यंत आला नाहीत तरी शोधायला त्यांच्या हाताशी तासभर उजेड उरेल.