आईला गाडीची डिकी जड जाते. जास्त ताकदीचे शॉकर बसवू की इलेक्ट्रिक किट?

तुम्ही लिहिलंय की आई पासष्टीच्या आहेत, उजवा खांदा आखडलाय आणि हॅचबॅकची डिकी उघडताना त्यांना त्रास होतो. मेकॅनिक जास्त ताकदीचे शॉकर, म्हणजे डिकी वर तोलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या, सुचवतोय; भाऊ मोटरवर डिकी उघड-बंद करणारं इलेक्ट्रिक किट म्हणतोय. यातलं काहीही घेण्याआधी एक करा. आईंना डिकी उघडायला लावा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. सुरुवातीलाच अडतंय, अर्ध्यावर जड होतंय, की बंद करताना हात पुरत नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

माझा नाशिकच्या सिडकोत जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय आहे. पहाटे दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून भाजी आणायची, दुपारी अंबडच्या कंपन्यांत डबे पोचवायचे. दिवसातून वीसेक वेळा तरी डिकी वर-खाली होते आणि माझी उंची जेमतेम पाच फूट. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, मेथीच्या जुड्या आत रचत असताना डिकी सावकाश खाली आली आणि मानेवर टेकली. आठवडाभर मान वळत नव्हती. त्यानंतर हा विषय मी मुळापासून समजून घेतला.

आधी अर्ध्यावर जड होण्याचं बघू. शॉकरच्या नळकांड्यात दाबाने भरलेला नायट्रोजन असतो आणि थोडं तेल. वर्षानुवर्षं गॅस थोडा थोडा झिरपत जातो. दांडीवर तेलाचा ओशटपणा दिसला तर सील गेलं समजा. थंडीत गॅसचा दाबही उतरतो. मे महिन्यातल्या 38 अंशांच्या दुपारी जेवढा जोर असतो, त्यापेक्षा जानेवारीतल्या 8 अंशांच्या पहाटे तो जवळजवळ दहा टक्के कमी भरतो. आपल्याकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. म्हणून शॉकरची परीक्षा सकाळी लवकर, गाडी उन्हात तापण्याआधी घ्या. पूर्ण उघडलेली डिकी आपोआप खाली सरकत असेल तर जोडी बदलाच. एकच बदलू नका, दरवाजा तिरका ओढला जातो.

आता खरा मुद्दा. डिकी बंद असते तेव्हा शॉकर असा पडलेला असतो की त्याच्या जोराची रेषा जवळजवळ बिजागरीतूनच जाते. त्याचा जोर दरवाजा उचलण्याच्या कामी येतच नाही, बऱ्याच गाड्यांत तो उलट दरवाजा बंदच धरून ठेवतो. पहिली वीत-दीड वीत तुम्हालाच उचलावी लागते, मग शॉकर हातभार लावतो. त्यामुळे अडचण सुरुवातीची असेल तर जास्त ताकदीच्या शॉकरने ती सुटत नाही.

मला हे पैसे मोजून कळलं. एका दुकानदाराने ‘ताई, एकदम हलकी होईल’ म्हणत मूळपेक्षा बऱ्याच जास्त जोराची जोडी बसवून दिली. पहिली वीत होती तशीच जड राहिली, पुढे मात्र दरवाजा धाडकन वर जायचा आणि खाली ओढताना मला अक्षरशः लोंबकळावं लागायचं. चार महिन्यांत बिजागरीजवळच्या रंगाला बारीक तडे गेले. नळकांड्यावर 350N असा काहीतरी आकडा छापलेला असतो. N म्हणजे न्यूटन, दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर. तुमच्या मूळ शॉकरवर जो आकडा आहे तोच घ्या. मागे स्पॉयलर किंवा सायकलचा कॅरिअर नंतर लावला असेल तरच थोडा वाढवायचा विचार करा. बदलताना एकाने डिकी धरून ठेवायची, आणि डिकी बंद असताना दांडी खालच्या बाजूला येईल असा शॉकर बसवायचा, म्हणजे सील तेलात राहतं. जुना शॉकर कापू नका, तापवू नका. आत दाब असतो.

सुरुवातीच्या वितीसाठी लॉककडे बघा. कडी आणि लॅच धूळ बसून चिकट होतात, त्यांना पांढरं ग्रीस लावा. दरवाजाच्या कडेला दोन रबरी बफर असतात. बऱ्याच गाड्यांत ते फिरवून थोडे बाहेर काढता येतात. एकेक फेरा काढून बघा, लॉक सुटताच दरवाजा बोटभर पुढे येतो आणि आईंना खालून हात घालता येतो. जास्त काढलेत तर लॉक लागायला त्रास होईल.

आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो पट्टा. माझं दुखणं उघडण्यापेक्षा वरचा दरवाजा खाली ओढण्यात जास्त होतं, टाचा उंचावून हात ताणायचा आणि झटका खांद्यात बसायचा. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून बॅगेच्या खांद्याला असते तशी दोन बोटं रुंद नायलॉनची पट्टी घेतली, टोकाला मुठीएवढा फासा शिवला, आणि आतल्या प्लास्टिकच्या खाचेजवळ, जवळजवळ मधोमध, वॉशर घालून स्क्रूने आवळली. खाली येताना ती लॅचमध्ये अडकू नये म्हणून बोटभर बाजूला. आता कोपर खाली ठेवून, अंगाचा भार टाकून दरवाजा खाली घेते आणि शेवटची वीत तळव्याने दाबते.

इलेक्ट्रिक किटला माझा सरसकट विरोध नाही. खांदा अजिबात वर जात नसेल तर तेच बरं. पण मध्ये हात आला की दरवाजा उलटा फिरतो, असंच किट घ्या, आणि बसवताना दुकानातच गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरून ते तपासा. वायरिंग कापून जोडणार असतील तर गाडीची वॉरंटी संपली आहे का बघा.

पट्टा शिवायला जाताना आईंनाच सोबत न्या. डिकी पूर्ण उघडून त्यांना रोजच्या चपलांत उभं करा आणि फासा त्यांच्या छातीच्या उंचीवर येईल तिथे खूण करा. तुमच्या मापाने घेतलात तर त्यांना परत हात वर करावा लागेल.