मनोक, मनू आणि मोआ

प्रश्न : मुलगा ऑकलंडला गोदामात कामाला आहे. डबा खायला त्याच्यासोबत एक फिलिपिनो आणि एक सामोअन बसतात. फिलिपिनो कोंबडीला 'मनोक' म्हणतो. सामोअन म्हणतो, 'मनू' म्हणजे कोणतंही जनावर. दोघांची रोज जुंपते. मुलगा विचारतो, "शब्द तर एकच वाटते, मंग अर्थ काऊन वेगळा? कोणी कोणाचा उचलला?"
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, उचलला कोणीच नाही. दोघांनाही तो वारशात मिळाला. त्यांच्या पूर्वजांची भाषा एकच. ती तैवानकडून होड्यांनी फिलिपिन्समध्ये उतरली आणि बेटामागून बेट करत सुमारे 2800 वर्षांपूर्वी सामोआ-टोंगाला पोचली. मूळ रूप 'मनुक'. सामोआ, हवाई, न्यूझीलंड इकडच्या मूळ लोकांच्या, म्हणजे पॉलिनेशियन, भाषांत शब्दाचा शेवट स्वरानंच होतो, म्हणून तिथे 'क' गळाला.

अभ्यासकांच्या मते मूळ अर्थ कोंबडी, आणि पाखरांना तोच शब्द दुहेरी करून 'मनु-मनुक'. म्हणजे या बाबतीत फिलिपिनो जुन्याला धरून आहे. पण म्हणून सामोअन चुकला असं मी म्हणणार नाही. जावामध्ये मनुक म्हणजे पक्षी, हवाईत आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत मनू म्हणजे पक्षीच. सामोआत तो आणखी पसरला आणि कोणत्याही जनावराला लागू झाला. पक्षी म्हणायचं तर 'मनूलेले', उडणारं जनावर! फिजीतही 'मनुमनू' म्हणजे प्राणी. आपल्याकडे 'मृग'चं उलट झालं. तो आधी कोणत्याही रानपशूला चालायचा, म्हणून तर सिंह मृगेंद्र. मराठीत तो हरणापुरता आखडला; मल्याळममध्ये मात्र मृगम् अजूनही जनावरच.

मग सामोआत कोंबडीला काय म्हणतात? 'मोआ'. हवाईत, ताहितीतही मोआ. मला सगळ्यात मजेदार वाटतं ते याच्यापुढचं. माओरींचे पूर्वज साधारण 700 वर्षांपूर्वी न्यूझीलंडला आले, पण त्यांच्याकडच्या कोंबड्या तिथे टिकल्या नाहीत. शब्द मोकळा पडला. समोर पाहतात तर पंखच नसलेले पक्षी. त्यातल्या मोठ्या जातीच्या माद्या दोनशे किलोंच्या वर, मान ताणली की साडेतीन मीटर. त्यांना नाव दिलं मोआ! पुढे शिकारीनं ते सगळे संपवले, फार वेळही लागला नाही.

माओरीत पतंगालाही 'मनू' म्हणतात, पूर्ण नाव 'मनू तुकुतुकु'. संक्रांतीला 'ओ काट' ओरडणाऱ्या नागपूरकरांना हे आवडावं. आणि तुमच्या मुलाच्या फिलिपिनो मित्रानं निवडणुकीच्या दिवसांत "माझा मनोक अमुक" म्हटलं, तर ते जेवणाबद्दल नाही. तिकडे कोंबड्यांच्या झुंजी फार, त्यामुळे ज्या उमेदवारावर आपली भिस्त, तो आपला मनोक.