पटरवर स्वतः नेमाची रेष काढली, तर गोल्फच्या नियमांत बसते का?

आपण विचारले आहे की, जुन्या पटरच्या (हिरवळीवर चेंडू कपाकडे ढकलण्याच्या गोल्फच्या काठीच्या) हेडवर, म्हणजे तिच्या खालच्या टोकावर, स्वतः नेमाची रेष काढली किंवा बाजारात मिळणारी, चिमट्याने बसवायची पट्टी लावली, तर तो पटर स्पर्धेत चालतो का, आणि अशा रेषेने खरोखर फरक पडतो का. रेष चालते. रंगाने काढलेली चालते, कोरलेली चालते, ठिपकाही चालतो. हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण अशाच एका रेषेपायी मला स्पर्धेतून बाद करण्यात आले होते आणि तो निर्णय चुकीचा होता.

माझा पटर जुन्या धाटणीचा ब्लेड, म्हणजे पातळ हेडचा, आहे. मी तो वापरलेलाच विकत घेतला आणि त्याच्या हेडवर एकही खूण नव्हती. वयाच्या पन्नाशीनंतर माझे छोटे पट, म्हणजे पटरने मारलेले फटके, सातत्याने उजवीकडे जाऊ लागले, तेव्हा भोसरीत वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या एका मित्राकडे मी तो घेऊन गेलो. त्याने व्हाइसच्या जबड्यांत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घालून हेड पकडले, फेसला, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूला, गुण्या लावून काटकोन दोनदा तपासला आणि टॉपलाइनच्या, म्हणजे फेसच्या वरच्या कडेच्या, मागच्या सपाट भागावर जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल खाच पाडली. ती फेसपर्यंत जाऊ नये म्हणून त्याने अलीकडेच हात थांबवला. कडेला आलेली बारीक कूस कानशीने काढून टाकल्यावर आम्ही इंजेक्शनच्या सुईने त्या खाचेत पांढरा इनॅमल रंग भरला आणि रात्रभर वाळू दिला. एवढे नीटस काम मी पैसे देऊन केलेल्या दुरुस्तीतही पाहिलेले नाही.

2022 च्या पावसाळ्यानंतर आमच्या क्लबच्या मासिक स्पर्धेत मी त्या पटरने खेळलो आणि माझ्या हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूच्या कुवतीच्या ठरलेल्या आकड्याच्या, मानाने फार चांगला स्कोअर आला. स्कोअरकार्डावर सही करून मी ते टेबलावर ठेवत असताना, अकरा वर्षे ज्यांच्यासोबत मी दर रविवारी खेळत आलो होतो त्या गृहस्थांनी समितीच्या सदस्याला पटर दाखवला आणि म्हणाले, ‘‘हे कंपनीचे नाही, घरी केलेले आहे.’’ त्या सदस्याने रेषेवरून अंगठा फिरवला, खाच हाताला लागते असे म्हटले आणि क्लबमध्ये, म्हणजे खेळायच्या काठीत, फेरफार केल्याच्या कारणाने मला बाद ठरवले. नियमपुस्तक कपाटात होते, ते कोणी उघडले नाही. मीही आग्रह धरला नाही, याची खंत मला आजही वाटते.

घरी येऊन मी नियम वाचले. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था मिळून जे इक्विपमेंट रूल्स (साहित्याचे नियम) प्रसिद्ध करतात, त्यांत क्लबच्या हेडवर काय चालत नाही हे स्पष्ट सांगितले आहे. फेसमध्ये शिरणारी किंवा फेसच्या पुढे येणारी रचना चालत नाही, टॉपलाइनच्या बरीच वर उठणारी चालत नाही, आणि हेडमध्ये बसवलेले कोणतेही प्रकाशकीय किंवा इलेक्ट्रॉनिक साधन चालत नाही. हेडच्या सपाट भागावर कोरलेली, फेसपासून अलीकडे थांबलेली रेष यांपैकी कशातच बसत नाही, आणि ती कारखान्यात काढली की भोसरीत, याने काहीही बदलत नाही. ओडिसी कंपनीचा टू-बॉल पटर 2001 पासून उघडपणे विकला जातो आणि त्याच्या हेडवर चेंडूच्या आकाराच्या दोन पांढऱ्या चकत्या आहेत. नेम धरायला मदत करणे हाच त्यांचा हेतू आहे. नियमबाह्य क्लबने स्ट्रोक मारल्यास नियम 4.1 प्रमाणे खेळाडू बाद होतो, हे खरेच आहे. म्हणजे मला दिलेली शिक्षा नियमातलीच होती, फक्त माझा पटर नियमबाह्य नव्हता.

त्या गृहस्थांचे म्हणणे आजही असे आहे की, नजर तयार करावी, रेष काढू नये. रेष काढणे म्हणजे खेळातली कसोटी चुकवणे. पटरविषयीचा असा संशय जुनाच आहे. वॉल्टर ट्रॅव्हिस हे अमेरिकन खेळाडू 1904 साली इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश अॅमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकले, ते हेडच्या मधोमध दांडा बसवलेल्या शेनेक्टडी पटरने. त्यानंतर काही वर्षांतच आर अँड एने तशा पटरवर बंदी घातली आणि ती थेट 1951 च्या नियमदुरुस्तीत उठली. ज्याने चेंडू नीट जातो तो पटर संशयास्पद मानायचा, ही वृत्ती मला तेव्हाही चुकीची वाटली असती.

शिवाय हिशोब माझ्या बाजूने आहे. कपाचा, म्हणजे चेंडू ज्यात पाडायचा त्या खळग्याचा, व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या 54. दहा फुटांच्या सपाट पटमध्ये चेंडू एका अंशाने भरकटला, तर कपापाशी पोचेपर्यंत तो सुमारे 53 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ कपाच्या कडेवरच. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः फेस कुठे वळलेला आहे यावर ठरते, आणि एक अंश डोळ्यांनी ओळखणे साध्या माणसाला जमत नाही. फेसला काटकोनात असलेली रेष मात्र तो दाखवते. हे गृहस्थ स्वतः चेंडूवर रेष आखून ती कपाच्या दिशेने लावतात. नियमांना ते मान्य आहे आणि माझीही त्याला हरकत नाही, पण चेंडूवरची रेष कौशल्य आणि पटरवरची रेष लबाडी, हे त्यांनी मला अजून पटवून दिलेले नाही. तेव्हा आपण बेलाशक रेष काढा.

आता चिमट्याच्या पट्टीबद्दल. ती स्पर्धेत लावू नका. क्लबचे सगळे भाग कायमचे जोडलेले असावे लागतात आणि वरून लावलेली, काढता येणारी वस्तू चालत नाही, त्यामुळे ती सरावापुरतीच ठेवावी. रेष काढायची ती फेरी सुरू होण्यापूर्वीच काढावी, कारण फेरीदरम्यान क्लबचे गुणधर्म मुद्दाम बदलण्यास मनाई आहे आणि तिथे वादाला जागा देण्यात अर्थ नाही. शंका असल्यास पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागी, जाण्यापूर्वी समितीला पटर दाखवून घ्यावा. काही चांगल्या खेळाडूंना रेषेमुळे अवघडल्यासारखे होते आणि त्यांचा हात मोकळा चालत नाही, हेही मी पाहिले आहे. आपले तसे होत असेल तर ठिपका पुरेल.

समितीला मी नंतर नियमांच्या उताऱ्यासह पत्र लिहिले. निकाल जाहीर झालेला असल्याने विषय संपला, असे उत्तर आले. पटर मी बदललेला नाही. दर पावसाळ्यानंतर खाचेतला रंग उडतो, तेव्हा मी तो स्पर्धेच्या आदल्या रात्री सुईने पुन्हा भरतो, आणि नियमांची ती दोन पाने घडी घालून बॅगच्या वरच्या कप्प्यात ठेवतो.