वाचकांचे प्रश्न : सबवूफरचा क्रॉसओव्हर किती ठेवावा?

प्रश्न : आमच्या घरातील साल (दिवाणखाना) साधारण १६ बाय १३ फुटांची असून तेथे ५.१ होम थिएटर, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्ज आवाजासाठी एक सबवूफर, बसवले आहे. पुढील तीन स्पीकरांमध्ये पाच इंची वूफर आहेत आणि त्यांच्या माहितीपत्रकात ६० हर्ट्झपासूनची क्षमता नमूद केली आहे. मागील दोन स्पीकर अगदी लहान, तीन इंची आहेत. रिसीव्हरच्या (सर्व स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या) स्वयंचलित मोजणीने पुढील स्पीकर ‘लार्ज’ ठरवले आणि मागील स्पीकरांना १२० हर्ट्झ दिले. सबवूफरच्या मागील बाजूचे क्रॉसओव्हरचे बटण मी ८० वर ठेवले आहे. तरीही बास पोकळ वाटतो. नेमका आकडा कोणता?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : क्रॉसओव्हर म्हणजे ज्या आकड्याखालचा आवाज स्पीकरांऐवजी सबवूफरकडे सोपवला जातो ती सीमा. आपल्या प्रश्नात तो दोन ठिकाणी आला आहे, एक रिसीव्हरमध्ये आणि दुसरा सबवूफरच्या पाठीवर, आणि माझ्या मते पोकळपणाचे पहिले कारण तेथेच शोधावे. विभागणीचे काम रिसीव्हर करीत असताना सबवूफरचे स्वतःचे बटण ८० वर ठेवले, तर एकाच आवाजाला दोन चाळण्या लागतात. मागील स्पीकरांचे उदाहरण घ्या : १२० हर्ट्झच्या खालचा त्यांचा आवाज रिसीव्हर सबवूफरकडे सोपवतो, पण सबवूफर ८० च्या वर हळूहळू मान टाकतो, त्यामुळे मधला पट्टा कोणीच नीट वाजवत नाही. ते बटण सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, किंवा सबवूफरला ‘एलएफई’ (चित्रपटातील खर्ज परिणामांची वेगळी वाहिनी) असे लिहिलेले इनपुट असल्यास तेच वापरा.

दुसरे, पुढील स्पीकर ‘स्मॉल’ करा. ‘लार्ज’ याचा अर्थ एवढाच, की त्या स्पीकराकडे सर्व खर्ज आवाज जाईल. स्पीकरच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकराला भिंतीमुळे बासचा आधार मिळतो आणि मोजणी करणारे यंत्र त्यावरून त्याला मोठा समजते. पाच इंची वूफरने स्फोटाचा ३० हर्ट्झचा आवाज काढावा ही अपेक्षाच चुकीची आहे; त्या ओझ्यातून तो मोकळा झाला, की संवादही अधिक स्वच्छ ऐकू येतात.

आता आकडा. तो सबवूफरच्या ताकदीवरून नव्हे, तर लहान स्पीकर कोठे थकतात यावरून ठरतो. माहितीपत्रकातील ६० हर्ट्झ ही बहुधा अखेरची मर्यादा असते, आणि क्रॉसओव्हर म्हणजे भिंत नव्हे, उतार असतो. प्रचलित रचनेत स्पीकरकडचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने आणि सबवूफरकडचा २४ डेसिबलने उतरतो. म्हणून मर्यादेपेक्षा काहीसे वर थांबावे. आपल्या पुढील तिन्ही स्पीकरांसाठी ८० हर्ट्झ योग्य ठरेल. चित्रपटगृहे व होम थिएटर यांच्या ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा प्रमाण मानला, कारण सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. मागील स्पीकरांचे १२० तसेच राहू द्या; यंत्राने सुचवलेला आकडा वाढवता येतो, कमी मात्र करू नये. ‘एलएफई’ वाहिनीसाठी वेगळी मर्यादा विचारली जात असेल, तर तेथे १२० ठेवा. ती वाहिनीच तेवढ्यासाठी ध्वनिमुद्रित होते.

निर्णयाची खरी परीक्षा माणसाच्या आवाजाने घ्या. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. डोळे मिटून बातम्या ऐका. निवेदकाचा आवाज पडद्याकडून न येता सबवूफर असलेल्या कोपऱ्याकडे ओढला जात असेल, तर पुढील स्पीकरांचा क्रॉसओव्हर जास्त झाला आहे. त्यानंतर एखादे भजन लावा. पखवाजाचा घुमारा आणि थापेचा कडकपणा एकाच वाद्यातून आल्यासारखे वाटले पाहिजेत. ते दोन तुकड्यांत ऐकू आले, तर सबवूफरची फेज (त्याच्या ध्वनिलहरी स्पीकरांच्या लहरींशी जुळवणारे बटण) ० वरून १८० करून पाहा आणि ज्या स्थितीत ८० हर्ट्झच्या आसपासचा बास भरदार वाटेल ती कायम ठेवा.

एवढे करूनही काही सूर घुमतील आणि काही गायब होतील. १६ फुटांच्या लांबीत सुमारे ३५ आणि १३ फुटांच्या रुंदीत सुमारे ४३ हर्ट्झला खोली स्वतः घुमते, आणि हे दोन्ही आकडे ८० च्या बरेच खाली असल्याने क्रॉसओव्हर बदलून त्यांना हात लागत नाही. तेथे सबवूफरची जागाच बदलावी लागते. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवून एकच बासप्रधान धून वाजवावी, भिंतीकडेने खाली वाकून फिरावे आणि जेथे सर्व सूर सारखे ऐकू येतील तेथे तो कायमचा बसवावा. चिऱ्याच्या जाड भिंतींतून खर्ज आवाज फारसा बाहेर निसटत नाही, त्यामुळे अशा घरांत या कामावर वेळ घालवणे फार मोलाचे ठरते.

प्रश्न : जुन्या घरात सबवूफर लावल्यावर लाकडी खिडक्या खडखडतात. क्रॉसओव्हर वाढवल्यास हे थांबेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. खडखड बहुतेक वेळा ३० ते ६० हर्ट्झमधील एखाद्या सुराला होते आणि तो सूर क्रॉसओव्हर ८० असो वा १२०, सबवूफरकडेच जातो. चाचणीचा सूर सावकाश खालून वर नेऊन नेमकी कोणती खिडकी वाजते ते शोधा, तिच्या चौकटीत फेल्टची पट्टी बसवा आणि बिजागऱ्या आवळा. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, तेव्हा ही तपासणी मार्च-एप्रिलमध्ये करणे अधिक उपयोगी ठरेल.