चमकणारा की चमचमणारा?

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून प्रश्न आलाय. त्यांच्या तळ्यात दोन कोई मासे (शोभेसाठी पाळायचे रंगीत जपानी कार्प) सोडलेत. एक अख्खा पिवळाधमक, पत्रा चढवल्यासारखा. दुसरा पांढऱ्यावर लाल डागांचा, पण पाठीवर जागोजागी लकाकणारा. दुकानदाराने पहिल्याला ‘ओगॉन’ म्हटलं, दुसऱ्याला ‘जिनरिन’. तळ्याजवळच्या पाटीवर दोघांनाही ‘चमकदार मासा’ असं लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण मराठीला याहून नेमकं बोलता येतं.

आधी उच्चार. जिनरिन नव्हे, गिनरिन. जपानीत गिन म्हणजे चांदी आणि रिन म्हणजे खवला. रोमन लिपीतला ‘जी’ बघून आपली जीभ ‘ज’कडे वळते इतकंच. दुसरा शब्द ओगोन, म्हणजे सोनं. गिनरिनला ‘रौप्यशल्क’ असा संस्कृत प्रतिशब्द सहज पाडता येईल, पण तो वैद्यांच्या कपाटातल्या भस्माच्या बाटलीवर जास्त शोभेल. गिनरिनच राहू द्या.

आता फरक. नौपाड्यातल्या एका दुकानात मी हे दोन्ही मासे निळ्या टबात, वरून पाहिले (कोई पाहायचा तो वरूनच). ओगोनची चकाकी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखी, वितळलेल्या धातूसारखी. गिनरिन मात्र सरळ पोहताना साधाच वाटतो. तो वळला की पाठीवरचे खवले एकामागून एक पेटतात नि विझतात, जणू साडीवरच्या टिकल्यांवर उजेड पडावा. पांढऱ्या भागावर ही चमक रुपेरी दिसते, लालवर सोनेरी; म्हणून लालवरच्या चमकीला ‘किनरिन’ असंही म्हणतात, किन म्हणजे सोनं. शंका आली तर डोकं बघा. कोईच्या डोक्यावर खवले नसतात, त्यामुळे नुसत्या गिनरिनचं डोकं चमचमत नाही. ओगोनचं डोकं मात्र अंगासारखंच चकाकतं.

हाच भेद आपल्या क्रियापदांत आधीपासून आहे. वीज ‘चमकते’, चांदण्या ‘चमचमतात’. एकदाच झालेल्या लकाकीला साधं रूप, पुन्हापुन्हा तुटक होणाऱ्या लकाकीला द्विरुक्त रूप. नियम अगदी काटेकोर नाही. ‘लखलखीत भांडं’ म्हणताना आपण सलग चकाकीच सांगतो. पण चमचमणे या शब्दात तो तुटकपणा पक्का आहे. संथ, पसरलेल्या तेजाला ‘झळाळी’ म्हणतात. भाव वाढले की वर्तमानपत्रं ‘सोन्याला झळाळी’ असा मथळा देतात, ‘सोन्याला चमचम’ असं कोणी छापत नाही.

तेव्हा पाटीवर असं लिहा: ओगोन, झळाळता पिवळा कोई. गिनरिन कोहाकू, चमचमत्या खवल्यांचा पांढरा-लाल कोई. (कोहाकू हे लाल-पांढऱ्या जातीचं नाव, गिनरिन त्याआधी विशेषणासारखं लागतं.) आणि ‘कोई’तली ई दीर्घच ठेवा, मराठीत शब्दाच्या शेवटची ई सहसा दीर्घच लिहितात.

आता पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल त्याआधीच सांगतो: गिनरिन ओगोन असाही मासा असतो. तो झळाळतोही आणि चमचमतोही. त्याच्या पाटीला थोडी जास्त जागा ठेवा.