सद्दामला नुसतं कोंडून ठेवलं असतं तर?

प्रश्न : १९९० पासून इराकवर निर्बंध होते, त्यात सामान्य माणूस भरडला गेला आणि हुकूमशहा सद्दाम हुसेन मात्र महाल बांधत राहिला. हे अजून दहा वर्षं चालू द्यायचं त्यापेक्षा २००३ मध्ये अमेरिकेने घुसून निकाल लावला तेच बरं नाही का?

उत्तर : पहिला मुद्दा एकदम मान्य. तेलाच्या बदल्यात अन्न ही युनोची योजना १९९६ च्या शेवटी सुरू झाली तोवर लोकांची पार दैना झाली होती, आणि त्या योजनेतही कमिशन खाऊन, वर शेजारच्या देशांना चोरून तेल विकून साहेब पैसे काढतच होते. डिसेंबर १९९८ नंतर जवळजवळ चार वर्षं रासायनिक वगैरे बंदी असलेली शस्त्रं तपासणारे युनोचे इन्स्पेक्टरही इराकमध्ये नव्हते.

पण हल्ल्याची बाजू घेणारे याच ढिल्या पडलेल्या कोंडीशी तुलना करतात, आणि गफलत तिथेच होते. नोव्हेंबर २००२ मध्ये इराकला शस्त्रं सोडायची शेवटची संधी देणारा युनोच्या सुरक्षा परिषदेचा १४४१ नंबरचा ठराव झाला, शेजारच्या कुवेतमध्ये अमेरिकेची फौज जमायला लागली, तसं सद्दामने इन्स्पेक्टरांना निमूट आत घेतलं. मार्च २००३ मध्ये तर १५० किलोमीटरच्या मर्यादेबाहेर जाणारी अल समूद क्षेपणास्त्रं त्यांच्यासमोर मोडली जात होती! त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले काम संपवायला काही महिने लागतील, आणि २० मार्चला हल्ला सुरू. एवढी फौज वाळवंटात उन्हाळाभर बसवून ठेवणं अवघड होतं हे कबूल, पण ती अडचण ज्याने फौज आणली त्याची.

नंतर, ज्यांच्यासाठी हल्ला केला ते शस्त्रांचे साठे तर निघालेच नाहीत. हल्ल्यानंतर शस्त्रं शोधणाऱ्या अमेरिकी पथकाचा २००४ चा ड्युएल्फर अहवाल सांगतो की रासायनिक शस्त्रांचा साठा १९९१ मध्येच नष्ट केलेला होता, फक्त निर्बंध उठले की पुन्हा ती बनवायचा सद्दामचा इरादा होता. म्हणजे निर्बंधांनी हात बांधलेले होते, मग ते सुधारायचे, औषधं-अन्न मोकळं सोडायचं आणि शस्त्रांवरची पकड घट्ट करायची, हे जमण्यासारखं होतं.

'हल्ला बरोबर, नंतरचा कारभार चुकला' हेही खूप जण म्हणतात, मला ते पटत नाही. मे २००३ मध्ये, इराकचा कारभार बघायला अमेरिकेने नेमलेले पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केलं, लाखो ट्रेनिंग घेतलेली माणसं एका फटक्यात बेकार, त्यातले बरेच पुढे बंडखोरांकडे गेले. ही घोडचूकच. पण अडीच कोटींचा देश ताब्यात घ्यायचा म्हटलं की तो चालवायचा कसा हे आधी ठरवायला नको का? ते हल्ल्याच्याच हिशोबात धरावं लागेल.