वाचक विचारतात: समुद्रासमोरचा बार निवडताना

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाचकांचे किनाऱ्यावरच्या बारबद्दल आणि बीच क्लबबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले काही इथे घेतले आहेत. हॉटेलांची नावे देत नाही, कारण मालक आणि आचारी हंगामागणिक बदलतात. जागा कशी पारखावी तेवढे सांगतो.

आम्ही आठ जण आहोत, त्यात आईवडील आणि दोन लहान मुले. डिसेंबरअखेर अलिबाग ते दापोली या पट्ट्यात तीन रात्री आहोत. समुद्रासमोर निवांत बिअर घेता येईल आणि घरच्यांना अवघडल्यासारखे होणार नाही, अशी जागा कशी ओळखावी? फोटोंत सगळ्या सारख्याच दिसतात. (पुणे)

फोन केल्यावर पहिला प्रश्न परवान्याचा विचारा. ‘एफएल-३’ म्हणजे परमिट रूम, तिथे सर्व प्रकारचे मद्य मिळते. ‘फॉर्म ई’ असेल तर फक्त बिअर आणि वाइन. तुमचे काम दुसऱ्यातही भागेल आणि अशा जागा बहुधा शांत असतात. ‘परवाना नाही, पण तुमची तुम्ही आणा, ग्लास आम्ही देतो’ असे उत्तर मिळाले तर ती जागा सोडा. विनापरवाना ठिकाणी धाड पडली तर गुन्हा मालकावर होतो, तसा तिथे बसून पिणाऱ्यावरही होतो. उघड्या पुळणीवर बाटली काढून बसणे हीसुद्धा तीच भानगड. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांचा परवाना परमिट रूममध्येच मिळतो. बिअर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी मद्यासाठी २५ पूर्ण हवे, म्हणून कॉलेजातला भाचा बरोबर असेल तर आधी हिशेब करा.

आता बसायची जागा. उत्तर कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर पुळणीमागे सुरूचे बन आहे. परवाना असलेली चांगली ठिकाणे साधारणपणे या बनाच्या मागे, पक्क्या जमिनीवर असतात. समुद्र झाडांमधून दिसतो आणि लाटांचा आवाज येतो. ‘टेबलावरून पाणी दिसते की गच्चीवर गेल्यावर?’ हे स्पष्ट विचारा, कारण ‘सी व्ह्यू’ या दोन शब्दांत सगळे खपते. आईवडिलांसाठी पक्की पडवी किंवा फरशीचा ओटा हवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत एका बाजूने रुततात आणि वयस्कर माणूस उठताना कलंडतो. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे आणि तिथपर्यंत दिवा आहे का, हेही विचारून घ्या. मुलांसाठी परमिट रूमपासून वेगळा ‘फॅमिली’ भाग हवा. नुसत्या पडद्याने वेगळा केलेला भाग नऊनंतर वेगळा राहत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २०२० साली चौपाटी कुटी, म्हणजे बीच शॅकचे धोरण मंजूर केले. त्यात वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, तारकर्ली अशा आठ किनाऱ्यांची निवड झाली. कुटीची वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७ ठरली. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ही वेळ पुरते. मेअखेर सातनंतर मावळतो, म्हणजे सूर्यास्त आणि टाळे एकदमच. गोव्यासारखी रात्रीची मैफल डोळ्यांसमोर असेल तर कुटीच्या भरवशावर राहू नका.

आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तसेच मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे असतात, म्हणजे मद्यविक्री बंद. स्थानिक निवडणुका नेमक्या सुट्टीच्या हंगामात आल्या तर सगळा बेत पाण्यात जातो.

पौर्णिमेला वाळूवर टेबल मांडून जेवायचा बेत आहे. हॉटेलवाला म्हणतो, ‘या हो, पाणी लांब असते.’ विश्वास ठेवावा का? (सांगली)

तो खोटे बोलत नाही, पण संध्याकाळी सहाचे सांगतो आहे. जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे ६, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला गणित सव्वाअकरा ते बाराच्या घरात जाते. त्या दिवशी पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास असते आणि पुळण लांबच लांब दिसते. मात्र ती उधाणाची तिथी असल्याने पाणी चढते तेव्हा सर्वांत जास्त चढते. साडेसातला टेबलापासून शंभर पावलांवर असलेला समुद्र साडेदहाला पायाशी येतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे या वेळा साधारण अर्धा ते एक तास आधीच्या धरा.

किती चढते ते किनाऱ्यावर अवलंबून आहे. अलिबागकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या आसपास जातो, मालवणकडे तो साधारण २ मीटर असतो. पुळणीचा उतार ५० ला १ असेल तर पाणी १ मीटर चढले की ५० मीटर आत येते. म्हणून सपाट, रुंद किनाऱ्यावर ते पटकन येते. आदल्या भरतीची खूण बघा: सुकलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची ओळ. टेबल त्या ओळीच्या जमिनीकडच्या बाजूला हवे. तिथे पाय टाकल्यावर वाळू ओली आणि टणक लागली, तर रात्री तिथे पाणी असणार.

चांदणे हवेच असेल तर सहाला बसा आणि नऊपर्यंत उठा. अष्टमी-नवमीला उलटे होते: सूर्यास्ताच्या वेळी समुद्र जवळ असतो, पण भांगाची भरती असल्याने फार वर येत नाही. आमच्या मते सूर्यास्ताच्या पेयाला हीच तिथी उत्तम, फक्त हे कोणी जाहिरातीत सांगत नाही.

गाडी पुळणीवर नेऊ नका. दर हंगामात कुणाची तरी गाडी वाळूत रुतते, ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते आणि खारे पाणी इंजिनात जाते.

वाऱ्याचेही बघा. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा भटारखान्याचा धूर मागे जातो. रात्री, विशेषतः थंडीत, मतलई वारे सुटतात आणि तोच धूर, शिवाय जनरेटरचा वास, टेबलांवर येतो. जनरेटर नेमक्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघून त्याच्या रेषेपासून हटून बसा, थेट समोर नको.

बीच क्लबात ‘मिनिमम स्पेंड’, ‘कव्हर’, ‘रिडीमेबल’ असे काय काय असते. नेमके पैसे किती जातात? (ठाणे)

कव्हर म्हणजे प्रवेशाचे पैसे. ‘रिडीमेबल’ असेल तर त्यातला ठरलेला भाग खाण्यापिण्याच्या बिलातून वळता होतो, बाकीचा गेला. मिनिमम स्पेंड म्हणजे तेवढे बिल करायचेच, कमी केले तरी तेवढेच भरायचे. समजा चौघांच्या सनबेडला ६,००० रुपयांची अट आहे. ती माणशी की बेडमागे? कर धरून की करांव्यतिरिक्त? मद्य त्यात मोजतात का? बेड किती वाजेपर्यंत आपला? पाऊस आला किंवा वीज गेली तर आगाऊ रक्कम परत मिळते का? ही पाच उत्तरे लेखी मेसेजवर घ्या. भांडणे बहुतेक करांवर होतात: स्वतंत्र रेस्टॉरंटच्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी असतो, तर मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. त्यामुळे ६,००० चा आकडा गाठल्यावर वरून आणखी काही येते.

सेवा शुल्क सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. काढून मागा, नकार मिळाला तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ‘एकावर एक’ पेयांमध्ये कोणते ब्रँड येतात ते ऑर्डरच्या आधी विचारा.

मासे ताजे आणि बर्फ चांगला, हे टेबलावर बसून कसे कळणार? (कोल्हापूर)

मासा शिजण्याआधी ताटात मागवून बघा. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि चकचकीत, बोट दाबले की खळगा भरून आला पाहिजे. ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिले असेल तर वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे, आणि एकूण किती रुपये, हे तोंडी ठरवून मग होकार द्या. पापलेटवर होणारे सगळे वाद इथेच सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात ‘आज सकाळची सुरमई’ म्हणणाऱ्याला हसून खाडीचे मासे मागवा.

लादीचा बर्फ माशांसाठी असतो. अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, पण बिनरंगी लादी दिसली म्हणून ती खाण्याची ठरत नाही. ग्लासात एकसारखे, मधे पोकळ किंवा चौकोनी तुकडे असतील तर ते मशीनचे किंवा पाकिटातले असण्याची शक्यता जास्त. ठेचलेला, वेडावाकडा बर्फ दिसला तर सोलकढी बिनबर्फाची घ्या.

सावंतवाडीहून मित्रांना घेऊन उत्तर गोव्यात जायचे आहे. उशिरापर्यंत संगीत हवे. येताना दोन बाटल्या आणल्या तर चालेल ना? (सावंतवाडी)

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद, हा नियम देशभर आहे. त्यामुळे रात्रीसाठी बंदिस्त, ध्वनिरोधक सभागृह असलेली जागा शोधा. हणजूण-वागातोरच्या बाजूला अशा जागा जास्त आहेत. मोरजी, आश्वे-मांद्रे आणि दक्षिणेत आगोंद इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून तिथे आवाज आणि दिवे यांवर जास्त कडक नजर असते. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि प्रखर दिव्यांमुळे समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. शांतपणे बसायचे असेल तर हेच किनारे निवडा. शॅक पावसाळ्याआधी उतरवतात, जूनमध्ये जाऊन उपयोग नाही.

बाटल्या नकोत. महाराष्ट्राच्या परवानगीशिवाय गोव्याचे मद्य आणणे गुन्हा आहे, सीलबंद असले तरी. इन्सुलीला तपासणी नाका आहे आणि गाडीही जप्त होते.

चालकाचे आधी ठरवा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते, तर ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत जवळपास ४१. ‘मी फक्त एक बिअर घेतली’ म्हणजे चार पेग. आणि घेतल्यावर पाण्यात उतरू नये, गुडघाभरसुद्धा.

जानेवारीत बालीला जातोय. कोकणातले हेच निकष तिथे लावायचे का? (रत्नागिरी)

दिशा आणि भरतीचे लावा, ऋतूचे उलटे करा. आपला कोरडा हंगाम तो तिथला पावसाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचे वारे कुटा-सेमिन्याकच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिक आणून टाकतात. सूर्यास्त मात्र याच बाजूला. सनुर आणि नुसा दुआ पूर्वेला आहेत, तिथे प्रवाळाच्या कड्यामुळे पाणी शांत असते आणि सूर्योदय दिसतो. मग सकाळ पूर्वेला काढा आणि संध्याकाळी पश्चिमेच्या क्लबात फक्त दोन-तीन तास बसा. दिवसभराच्या बेडचे पैसे पावसात बुडवू नका.

मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे असतील तर कर आणि सेवा शुल्क वेगळे, १०० चे १२१ पर्यंत होतात. अराक ही तिथली स्थानिक दारू सुटी किंवा जगमधून देत असतील तर घेऊ नका. मिथेनॉल मिसळलेल्या अशा दारूने तिथे पर्यटक दगावले आहेत. सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडलेली असली पाहिजे, कॉकटेलसाठीसुद्धा.